मगदूमअक्कांचा प्रश्न

सभा कितीही रंगात आलेली असो, ऊन खिडकीच्या गजांवरून खाली उतरायला लागलं की मगदूमअक्का पिशवीतून पितळी डबा काढायच्या. त्याचं झाकण घट्ट बसायचं, आणि ते निघताना असा काही आवाज व्हायचा की बोलणारा माणूस वाक्यात अडखळायचा. अक्का मान वर न करता म्हणायच्या, "चालू द्या तुमचं. मला दिवस बुडायच्या आत खायला लागतंय." आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून शेंगदाण्याच्या चटणीला लावायच्या.

अक्का जैन होत्या. दिवस मावळल्यावर खायचं नाही हा घरचा नेम. शिवाय त्यांना वडगावची एसटी धरायची असायची. सुरुवातीला सभासद एकमेकांकडं बघून हसायचे. पुढं पुढं डबा निघाला की सभापती घड्याळाकडं बघून विषय आवरता घ्यायला लागले. आमच्या समितीच्या ज्या थोड्याफार सभा वेळेत संपल्या त्या या डब्यामुळं संपल्या, असं माझं मत आहे. सभेत बटाटेवडे यायचे, त्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. बटाटा चालत नाही, कांदा चालत नाही. नुसता चहा बशीत ओतून प्यायच्या, आणि आपल्या वाटणीचा वडा माझ्याकडं सरकवायच्या.

मी त्या समितीचा कारकून होतो. समाजकल्याणाचं काम बघणारी जिल्ह्याची समिती. सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी नोकरीत नवा होतो. सभेत जे बोललं जाईल ते उतरून घ्यायचं, आणि नंतर त्यातलं बोललेलं सगळं काढून 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच ठेवायचं, हे माझं काम. दुसरं कोणी बोलत असलं की माझा हात आपोआप चालायचा. अक्का बोलायला लागल्या की तो थांबायचा, कारण त्या जे विचारायच्या ते कुठल्या शब्दात बसवायचं ते मला कळायचं नाही.

त्यांचं नाव त्रिशलाबाई. वडगावच्या पलीकडच्या एका गावात त्यांची उसाची शेती होती. समितीत एक तरी बाई घ्यायला लागते म्हणून त्यांना घेतलेलं. दोन पुढाऱ्यांचं कुणाच्याच नावावर जमेना, तेव्हा ज्या नावाला दोघांचीही हरकत नव्हती ते नाव निघालं. "मला सांगिटलं, सभेला यायचं, सही करायची आन् जायचं," त्या एकदा मला म्हणाल्या. "सही मला येती. पण मी म्हटलं, एवढ्या लांब येतोय तर काय चाललंय ते तरी ऐकू या."

ऐकता ऐकता त्या एकाच विषयाला चिकटल्या. अपंग मुलांची तपासणी. मूल आंधळं आहे, बहिरं आहे, पायानं अधू आहे, हे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं तरच त्याला खास शाळेत जागा मिळायची, मदत मिळायची. ती तपासणी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी व्हायची. बाकी सभासद रस्ते, विहिरी, वसतिगृहं यावर बोलायचे. अक्का दर सभेला हाच विषय काढायच्या.

लोकांनी याचं कारण शोधायचा खूप प्रयत्न केला. घरात एखादं तसं मूल असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मूल नाही म्हटल्यावर पुतण्या असेल, भाचा असेल. आमच्या हेडक्लार्कनी एकदा धीर करून विचारलंच. अक्का चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या.

"माझी दोन्ही पोरं धडधाकट हायत," त्या म्हणाल्या. "का वो? इच्यारायला घरात कोन असावं लागतंय व्हय?"

त्यानंतर कुणी विचारलं नाही. पण विश्वासही कुणाचा बसला नसावा.

त्यांनी समितीत विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. आमचे अधिकारी वर्षाचा अहवाल वाचत होते. आवाज चांगला होता त्यांचा. 'प्राप्त प्रकरणे निकाली काढण्यात आली' या वाक्यावर ते पोचले आणि अक्का म्हणाल्या, "सायेब, निकाली काढली म्हंजे काय केलं?"

"म्हणजे त्यांचा निर्णय झाला, बाई."

"बरं. मग पोराचं काय झालं?"

साहेबांनी समजावून सांगितलं. काही मुलांना दाखला मिळाला. काही अपात्र ठरली. काही तपासणीला हजर राहिली नाहीत, म्हणून त्यांचे कागद बंद केले.

"आली न्हाईत ती पण निकाली?"

"हो. प्रकरण शिल्लक राहत नाही ना."

"पोरगं राहतंय की," अक्का म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. सभापतींनी पुढचा विषय घ्या म्हणून सांगितलं. पण तेव्हापासून प्रत्येक सभेत तो प्रश्न यायला लागला. साहेब नियम सांगायचे, वर पाठवलेल्या पत्रांविषयी सांगायचे, मुंबईहून न आलेल्या मंजुरीविषयी सांगायचे. अक्का शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. मधे कधी तोडायच्या नाहीत. एक पाय खुर्चीवर दुमडून घेतलेला, चपला टेबलाखाली. साहेबांचं संपलं की एक सुस्कारा टाकायच्या आणि म्हणायच्या, "बरं. मग पोराचं काय झालं?" त्यात राग नसायचा. दिवसभर रानात राबून आलेलं माणूस जेवण झालं का विचारतं, तसा तो आवाज असायचा.

साहेब वाईट नव्हते. एकदा सभेनंतर ते मला म्हणाले, "या बाईंना वाटतं मी लपवतोय. अरे, मलाच माहीत नाही. दाखला दिल्यावर मूल कुठं जातं हे बघायला माझ्याकडं माणूस कुठाय?" मी हे अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लपवत न्हाईत ते ठाव हाय मला. पर इच्यारायचं सोडलं तर त्यांनाबी बरंच वाटंल की."

एका तपासणीच्या दिवशी अक्का सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. सभासद आहे म्हणून सांगितलं नाही. बाकावर बायांच्यात बसल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्यांनी मला जे सांगितलं, त्यातून मला पहिल्यांदा शमा नावाची मुलगी कळली.

शमा उचगावची. बाप पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचा. आई जैबुन. पोरगी सहा-सात वर्षांची, बोलत नव्हती. जैबुनला ती रांगत होती तेव्हापासून ठाऊक होतं की हिला ऐकू येत नाही. दारात भांडं पडलं तरी पोर झोपेतून दचकत नसे. बहिऱ्या मुलांच्या शाळेनं दवाखान्याचा दाखला आणायला सांगितला, म्हणून ती आली होती.

तपासणीला डॉक्टर सबनीस होते. ते खरं तर हाडांचे डॉक्टर. पोलिओची मुलं बघायला बसवलेले, आणि कानाचे डॉक्टर दवाखान्यात कुणी नव्हतेच, म्हणून कानाचं कामही त्यांच्याच गळ्यात. त्यांनी शमाला आईसमोर स्टुलावर बसवलं आणि तिच्या पाठीमागं जाऊन पितळेची छोटी घंटा वाजवली. शमानं मान वळवली. पुन्हा वाजवली. पुन्हा वळवली. डॉक्टरांनी लिहिलं, ऐकू येतं.

जैबुन बाहेर येऊन अक्कांशेजारी बसली आणि तिनंच सांगितलं. "अक्का, घंटा वाजली की मी घंटीकडं बघितलं. आपुआप डोळं गेलं माझं. आन् ती माझ्या तोंडाकडं बघत हुती. ती लहानपनापासनं माझं डोळंच बघती. मी जिकडं बघीन तिकडं बघती." ती तेच तेच पुन्हा सांगत राहिली. "मीच घालवलं बगा. मी खाली बघायला पायजे हुतं."

अक्का तिला घेऊन परत आत गेल्या. तेव्हाच त्यांनी आपण कोण ते सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची दिली. मला वाटलं होतं आता अक्का डॉक्टरांना कसं झापलं ते सांगतील. पण त्या म्हणाल्या, "भला मानूस हाय. म्हनाला, बाई, तुमचं खरं असंल. पर माझ्याकडं ही घंटा हाय, दुसरं काय न्हाय. बाहीर रांग बघा. एकेका पोराला मी किती येळ देऊ?"

दुसरं काही नाही हे पूर्ण खरं नव्हतं, आणि तेही डॉक्टरांनीच सांगितलं. कानाची तपासणी करायचं यंत्र दवाखान्याला आलेलं होतं. कधीच आलेलं. ते सामानाच्या खोलीत लाकडी खोक्यात तसंच होतं, कारण ते वापरायला बाहेरचा आवाज येणार नाही अशी खोली लागते. खोली नव्हती. खोली बांधायची मागणी गेली होती. खोली झाल्यावर यंत्र चालवणारा माणूस नेमायचा होता. डॉक्टरांनी खोका उघडून दाखवला. आत भाताच्या वाळक्या काड्यांचं पिंजार होतं आणि पिंजारात उंदरांनी घर केलं होतं.

पुढं दोनेक वर्षं अक्का खोली मागत राहिल्या. दवाखाना आपल्या अखत्यारीत येत नाही, हे त्यांना प्रत्येक सभेत सांगितलं गेलं. "पोरं येतात न्हवं आपल्या अखत्यारीत?" त्या म्हणायच्या. मधल्या काळात शमाची तपासणी पुन्हा व्हावी म्हणून त्यांनी अर्ज करवला. एकदा तपासलेल्या मुलाला पुन्हा तपासायला वरची परवानगी लागते असं उत्तर आलं. पोरगी वाढत होती. शाळेला वयाची अट होती.

आणि मग आमदारांची समिती यायची ठरली. अपंग मुलांच्या सोयी नीट चालल्यात का हे बघायला ती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होती. आमच्याकडं दोन आठवडे धांदल होती. दवाखान्याला चुना मारला. खोक्यातून यंत्र बाहेर निघालं, पुसलं गेलं. एका मोठ्या डॉक्टरांची खोली रिकामी करून खिडक्यांना जाड पडदे लावले आणि यंत्र टेबलावर मांडलं. ते चालवता कुणालाच येत नव्हतं. वायर टेबलामागं नुसती सोडलेली होती.

त्या दिवशी मी कागद धरून अक्कांच्या मागं उभा होतो. सभापतींनी त्यांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेतलं. दोघं एकाच पक्षाचे.

"अक्का, आज काही विचारू नका," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच सांगतोय. समिती खूष होऊन गेली तर खोली मंजूर होतीया. मी शब्द घेतलाय."

"बरं," अक्का म्हणाल्या.

त्या खरंच गप्प राहिल्या. आत यंत्रासमोर दवाखान्यातल्याच एका शिपायाची मुलगी कानाला ते लावून बसली होती. चांगली ठणठणीत ऐकणारी. समितीच्या अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, "डॉक्टर, याचा उपयोग कसा काय होतो?" सबनीसांनी क्षणभर आपल्या वरिष्ठांकडं बघितलं आणि म्हणाले, "चांगला होतो." अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. नंतर खाली बघितलं.

बाहेर मुलांची रांग लावली होती. अध्यक्ष एकेकाला बिस्किटांचा पुडा देत चालले होते. जैबुनही पोरीला घेऊन आली होती. काहीतरी मिळेल, कुणीतरी बघेल, या आशेनं आलेल्या बऱ्याच जणी होत्या. अध्यक्षांनी शमाच्या गालाला हात लावला. "नाव काय बाळ तुझं?"

शमानं आईकडं बघितलं.

"लाजतेय," अध्यक्ष म्हणाले.

"लाजत न्हाय सायेब," जैबुन म्हणाली. "तिला ऐकायला येत न्हाय."

अध्यक्ष थांबले. मागं वळून चौकशी केली. कुणीतरी कागद बघून सांगितलं की या मुलीची तपासणी झालेली आहे, तिला ऐकू येतं. अध्यक्ष जैबुनला अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी तपासलंय ना. मग काळजी करू नका. बोलेल हळूहळू."

तिथं अक्का पुढं झाल्या. सभापतींनी त्यांच्या दंडाला हात लावला. तो त्यांनी बाजूला केला.

"सायेब, आत जे यंत्र बघितलासा, त्याच्यावर हिला एकडाव बशीवा," त्या म्हणाल्या. "आत्ता. तुमच्या म्होरं."

अध्यक्षांनी हातातला पुडा मागच्या माणसाकडं दिला.

"जास्त काय न्हाय मागत. यंत्र हाय, डाक्टर हाय, पोरगी हाय, तुमीबी आलायसा. बशीवा की."

अध्यक्ष मोठ्या डॉक्टरांकडं बघू लागले. मोठे डॉक्टर सबनीसांकडं. सबनीस म्हणाले, "यंत्र चालू नाही, साहेब." आणि मग म्हणाले, "कधीच चालू नव्हतं."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिथल्या तिथं सगळं लिहून घ्यायला लावलं. अक्कांचे आभार मानले. "तुमच्यासारखे लोकप्रतिनिधी पाहिजेत," असंही म्हणाले. शमा एवढा वेळ बिस्किटाचा पुडा छातीशी धरून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं, जिंकली बाई.

दोन महिन्यांनी त्याचं फळ आलं. यंत्र उपलब्ध असूनही वापरलं नाही, तपासणी निष्काळजीपणानं केली, असा ठपका ठेवून डॉक्टर सबनीसांची बदली झाली. पार चंद्रपूरकडं. खोलीविषयी एक शब्द नव्हता. सबनीसांच्या जागी कुणी आलं नाही, आणि डॉक्टरच नाहीत म्हणून तपासणीचा दिवस बंद झाला. बहिऱ्या मुलांचाच नव्हे, पोलिओच्या मुलांचाही.

अक्का सबनीसांच्या क्वार्टरवर गेल्या तेव्हा वाट दाखवायला मी बरोबर होतो. घरात खोकी बांधायचं काम चाललं होतं. डॉक्टरांच्या पत्नी लोणच्याच्या बरण्या जुन्या लुगड्यात गुंडाळत होत्या. त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी एका खोक्यावरचं सामान काढून अक्कांना बसायला जागा केली.

"डाक्टर, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं," अक्का म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"मी खोलीसाठी बोललो."

"अक्का, खोलीची बदली करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. ते हसले, पण नीट हसू आलं नाही.

"मग आधी कशाला म्हनालासा, चांगला उपयोग होतोय म्हनून?"

"नोकरी आहे." डॉक्टरांनी एका खोक्याची सुतळी आवळली. "त्या मुलीला मिरजेला घेऊन जा. तिथं कानाचे डॉक्टर आहेत, यंत्रही आहे. माझं नाव सांगा."

परत येताना अक्का रस्त्याच्या कडेला एका पाराच्या कट्ट्यावर बसल्या. समोर टांगे जात होते. ऊन उतरलं होतं, डबा पिशवीत होता, पण त्यांनी तो काढला नाही. "त्यो मानूस घंटीनं का हुईना, पोरं बघत हुता," त्या म्हणाल्या. "आता कोन बघनार? मी बोललो त्याचं काय झालं, सांग बरं." मी म्हटलं, अक्का, एसटी चुकेल. त्या उठल्या.

मिरजेला त्या जैबुनला आणि शमाला घेऊन रेल्वेनं गेल्या. मी नव्हतो बरोबर. नंतर ऑफिसात बसून त्यांनी सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पोरीला काचेच्या खोलीत बसवलं. आईला म्हणाले, तुम्ही इथं बाहेर, तिला दिसाल अशा बसा, म्हणजे घाबरणार नाही. जैबुन नको म्हणाली. ती उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"पोरगी रडाय लागली रे," अक्का म्हणाल्या. "आई आपल्याकडं का बघंना म्हनून. काच वाजवाय लागली. डाक्टर म्हनतोय, बाई, वळा एकडाव. पर जैबुन काय वळंना. पदर तोंडात धरून उभी. शेवटाला मी आत जाऊन पोरीजवळ बसलो, तवा कुठं ती गप झाली."

शमाला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा जैबुन आधी हसली, मग रडली. "पोरगी बहिरी हाय म्हनल्यावर हसनारी आई मी पहिल्यांदा बघिटली," अक्का म्हणाल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

डॉक्टरांनी दाखला लिहून दिला. पण मिरज दुसऱ्या जिल्ह्यात. तो दाखला आमच्या जिल्ह्यात चालत नव्हता.

"कान काय जिल्ह्याप्रमानं बदलतोय व्हय?" अक्कांनी सभेत विचारलं. साहेब म्हणाले, नियमात तरतूद नाही. पत्र वर पाठवतो. पत्र वर गेलं. उत्तर येईपर्यंत दोन सभा झाल्या. उत्तरात खुलासा मागवला होता. खुलासा गेला. सभापती तर आमदारांच्या भेटीनंतर अक्कांशी सरळ बोलतच नव्हते. त्यांच्याकडं न बघता "सन्माननीय सदस्यांनी" असं म्हणायचे. अक्कांनाही त्या दिवसांत थकवा आलेला दिसायचा. कधी कधी सभेत बसल्या बसल्या डोळे मिटायच्या. पण अपंग मुलांचा विषय निघाला की डोळे न उघडताच विचारायच्या, "मग पोराचं काय झालं?"

शेवटी ठराव झाला. नवीन डॉक्टर येईपर्यंत शेजारच्या जिल्ह्यातला दाखला ग्राह्य धरावा. तो कसा मंजूर झाला तेही सांगण्यासारखं आहे. विषयपत्रिकेत तो सगळ्यात शेवटी होता आणि पुढच्या सभेवर ढकलायचा सभापतींचा विचार दिसत होता. ऊन उतरलं. सगळे अक्कांच्या पिशवीकडं बघायला लागले. अक्का हात टेबलावर ठेवून बसून राहिल्या. डबा निघेना. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या सभासदांना ते सहन होईना. "अवो अक्का, जेवा की," ते म्हणाले. "ठराव झाल्याबिगर न्हाय," अक्का म्हणाल्या. दिवस मावळायला आला होता. एक बाई आपल्यामुळं उपाशी राहणार या कल्पनेनंच सभा अस्वस्थ झाली, आणि ठराव एकमतानं पास झाला. मी त्याच्यापुढं 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं.

त्या ठरावाच्या जोरावर पुढच्या काळात बरीच मुलं मिरजेला जाऊन आली, शाळांत गेली. शमा गेली नाही. तिचं वय उलटलं होतं. शाळेच्या बाईंनी अक्कांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. इतक्या उशिरा बोलायला शिकवणं अवघड जातं. वसतिगृहात जागा कमी आहेत, लहान मुलांना आधी घ्यावं लागतं. त्यांचंही खोटं नव्हतं.

हे सांगायला अक्का उचगावला निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या, "चल बाळ, एकटीनं जायला नको वाटतंय." जैबुनच्या घरी बाप कापूस पिंजत बसला होता. सगळ्या घरात कापसाचे तंतू उडत होते. शमा बापाजवळ बसून त्याच्या पिंजणीच्या लाकडावर तळहात टेकवून होती. लाकडाला ताणलेली तात झणझणली की ती हसायची. आम्हाला बघताच ती उठली, आत पळाली आणि ठेवणीतला फ्रॉक घालून, केसांत कापूस तसाच, दारात येऊन उभी राहिली.

जैबुननं सगळं ऐकून घेतलं. चहा केला. आम्ही निघालो तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली.

"अक्का, राग धरू नका," ती म्हणाली. "आता येऊ नका तुमी. तुमी आलासा की हिला वाटतंय शाळंत जायाचं. चार-चार दिस फ्रॉक काढत न्हाय."

अक्कांनी मान हलवली. शमाच्या केसांतला कापूस काढायला हात पुढं केला आणि मग मागं घेतला.

मुदत संपल्यावर त्यांचं नाव पुन्हा घेतलं गेलं नाही. दुसऱ्या एक बाई आल्या, सही करून जायच्या. आमच्या सभा आता लांबायला लागल्या. माझीही पुढं बदली झाली, बढती झाली, केस पिकायला लागले.

अक्कांना मी शेवटचं बघितलं ते वडगावच्या बाजारात. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी कामासाठी गेलो होतो आणि परतीची गाडी धरायच्या आधी मिरच्या घ्याव्यात म्हणून बाजारात शिरलो. अक्का मिरच्यांच्या ढिगाजवळ एका पोत्यावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"शमा गाद्या शिवती," मी न विचारताच त्या म्हणाल्या. "लगीन झालं. गडहिंग्लजला दिलीया. जैबुन येती कधीमधी बाजारला."

मी सांगितलं, दवाखान्यात खोली झाली. मिरजेहून एक जण येतो महिन्यातून, तेव्हा उघडतात.

"आन् बाकीचं दिस?"

"कुलूप असतं."

त्यांनी सुस्कारा टाकला. आम्ही उसाच्या दराविषयी बोललो, त्यांच्या गुडघ्यांविषयी बोललो. तेवढ्यात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, हातात रिकामी पिशवी. कुणीतरी त्याला अक्कांकडं बोट दाखवून पाठवलं होतं. त्याच्या नातवाला काही दिसत नव्हतं, आणि कोल्हापुरात तीनदा जाऊन आला तरी काम होत नव्हतं.

"पावणं, मी आता कमिटीवर न्हाय," अक्का म्हणाल्या. "माझं कोन ऐकत न्हाय. मला आता हुईतबी न्हाय. तुमी तुमच्या मेंबरला गाठा."

"गाठलं की वो. त्यांनीच तुमच्याकडं धाडलंय."

"न्हाय म्हटलं न्हवं तुमाला?" अक्का मोठ्यानं म्हणाल्या. मिरच्यावाल्यानं मान वर करून बघितलं.

तो माणूस तिथून हलला नाही. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी अक्कांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला खरा, पण त्यांचं लक्ष त्या माणसाकडं होतं.

गाडी बाजाराच्या कडेनं वळली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. अक्का पोत्याच्या एका बाजूला सरकल्या होत्या, आणि तो माणूस त्यांच्या शेजारी टेकला होता. फेटा मांडीवर काढून ठेवून तो काहीतरी सांगत होता. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.